सकाळी पेन चालत नाही? निब घासण्याआधी टोपण तपासा

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे गेली, रस्त्यावरचा गुलाल धुतला गेला, की आमच्या इंदुरात ऊन तापायला लागतं. त्याच सुमारास शाईच्या पेनांची एक तक्रार दरवर्षी माझ्यापर्यंत येते. शेजारच्या वहिनी, ऑफिसातले सहकारी, भाचीच्या मैत्रिणी, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: रात्री छान लिहिणारं पेन सकाळी चालत नाही. कागदावर नुसता कोरडा ओरखडा उमटतो. दोनदा झटकलं, निब पाण्याला टेकवली की एकदम दाट शाई उतरते, आणि मग दिवसभर काही त्रास नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

यावर बहुतेकांचा पहिला निष्कर्ष असतो, निब खराब आहे. मग कुणी निब काचेवर घासतं, कुणी अंगठ्यानं दाबून फाकवतं, कुणी चिरेत ब्लेड घालतं. कॉलेजात असताना मीही हेच केलं होतं. दाढीचं ब्लेड निबच्या चिरेतून ओढलं. ब्लेडची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते आणि निबच्या टोकाशी असलेली फट त्याहून बरीच बारीक. ती निब फाकली ती कायमची, आणि पेन सकाळी अडायचं ते अडतच राहिलं. कारण दोष निबमध्ये नव्हताच. तेव्हापासून दुसऱ्याचं अडलेलं पेन हातात आलं की मी आधी टोपण बघते, मग शाई कशी भरली जाते ते विचारते, आणि निबकडे सगळ्यात शेवटी वळते. उन्हाळ्यातली बहुतेक पेनं तिसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत.

रात्रभरात काय होतं

पेनाच्या शाईत बहुतांश पाणीच असतं. त्यात विरघळलेला रंग, बुरशी धरू नये म्हणून थोडं औषध, आणि शाई नीट वाहावी, पटकन सुकू नये म्हणून एखाददुसरा पदार्थ. नळीतली ही शाई निबखालच्या काळ्या जिभेतल्या बारीक खाचेतून निबच्या चिरेत येते आणि तिथून टोकावर. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तीच ही गंमत. वाहिलेल्या शाईच्या बदल्यात तेवढीच हवा जिभेतूनच नळीत जाते. जिभेच्या अंगावर ज्या आडव्या पातळ खाचा दिसतात, त्या जास्तीची शाई थोपवून धरतात.

म्हणजे जीभ आणि चीर कायम ओली असतात आणि त्यांच्याभोवती फक्त टोपणाच्या आतली चिमूटभर हवा असते. टोपण घट्ट असेल तर ती हवा थोडं पाणी पिऊन तृप्त होते आणि सुकण्याचं काम तिथंच थांबतं. टोपणाला कुठं केसाएवढी फट असेल तर ओली हवा बाहेर, कोरडी आत, असं रात्रभर चालू राहतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्या खाली जाते. मुंबईच्या दमट हवेत जे फुटकं टोपण महिनोन्महिने खपून जातं, ते माळव्याच्या उन्हाळ्यात एका रात्रीत उघडं पडतं. पावसाळा लागला की तेच पेन आपोआप शहाण्यासारखं वागतं, आणि माणसाला वाटतं की निब घासल्यामुळे सुधारलं.

सुकताना उडतं ते पाणी. रंग मागेच राहतो. निबच्या टोकाशी त्याचा दाट, चिकट बोळा बसतो. तो बोळा विरघळेपर्यंत पेन लिहीत नाही, आणि विरघळला की पहिल्या दोन ओळी नेहमीपेक्षा गडद येतात.

पहिला शब्द नीट बघा

तपासायला हत्यार लागत नाही. पेन अडलं की लगेच झटकू नका. एका कोऱ्या कागदावर सकाळचा पहिला शब्द, पाचवा शब्द आणि दहाव्या ओळीतला शब्द यांचा रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिला गडद आणि दहावा फिका, तर शाई रात्रीत आटते आहे. टोपणाकडे जा. तिन्हींचा रंग सारखा, पण पेन दुपारीही, लिहिता लिहिताही अडतं, तर गोष्ट निबची किंवा शाईच्या प्रवाहाची. पान अर्धं होईपर्यंत ठीक आणि खालच्या भागातच अक्षरं तुटतात, तर पेन निर्दोष आहे. तळहाताचा घाम आणि तेल कागदाला लागलंय, त्यावर शाई धरत नाही. केसांना तेल लावून तोच हात वहीवर टेकवणाऱ्यांना हे हमखास होतं. हाताखाली टिपकागद किंवा साध्या कागदाची घडी ठेवा, तक्रार त्याच दिवशी संपते.

आणखी एक प्रकार ओळखायला जरा अवघड असतो. रंग सारखा, पेन ओलं, तरी प्रत्येक शब्दाची पहिली रेघ चुकते; जरा दाबलं की उमटते. पाच सेकंद थांबून लिहिलं तरी चुकते. हा निबच्या टोकाच्या घडणीतला दोष असतो, त्याबद्दल पुढे सांगते.

भाचीच्या पेनाची गोष्ट

माझी भाची देवासहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी इथं आली आणि आमच्याकडेच राहते. भंवरकुआंच्या बाजूला तिची अभ्यासिका आहे, दिवसभर एसी चालू. उत्तरं हातानंच लिहून सराव करायचा, म्हणून तिनं हौसेनं शाईचं पेन घेतलं. पंधरा दिवसांत रडकुंडीला आली. "मावशी, हे फेकून देऊ का? वेळ लावून उत्तर लिहायला बसते आणि पहिल्याच वाक्याला हे दगा देतं."

तिचा पहिला शब्द गडद होता, दहावा फिका. मी टोपण धुऊन पुसून घेतलं, ओठांना लावलं आणि हवा आत ओढली. घट्ट टोपण ओठाला चिकटून लोंबतं. हिचं सुटून पडलं. ही कसोटी झटपट आहे, पण तिच्यावर निकाल देऊ नये. काही टोपणांना मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, लहान मुलानं गिळलं तरी श्वास चालू राहावा म्हणून. त्यांच्या आत दुसरं छोटं टोपण बसवलेलं असतं आणि खरं झाकण तेच असतं. अशी पेनं ओठांच्या कसोटीत नापास होतात आणि प्रत्यक्षात उत्तम असतात.

म्हणून खरी परीक्षा वजनाची. पेन धुऊन त्यात साधं पाणी भरलं, बाहेरून कोरडं पुसलं, आणि सराफ्यात ओळखीच्या सोनारकाकांच्या काट्यावर तोललं. सोबत माझं एक रोजचं पेनही तसंच भरून नेलं. दोन्ही टोपण लावून घरी एकाच कपाटात आडवी ठेवली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोलली. भाचीच्या पेनाचं वजन पाव ग्रॅमहून जास्त उतरलं होतं. माझ्या पेनाचा आकडा जवळजवळ हललाच नव्हता. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, आणि कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसवलेल्या शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीत, सगळं मिळून अर्धा ते एक मिलिलिटर मावतं. म्हणजे न लिहिता, नुसतं कपाटात पडून, एका आठवड्यात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी उडालं. त्या क्षणी भाचीचा निबवरचा राग गेला. कुणाला सोनार गाठायचा नसेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटाही चालतो. पेनांचा नाद असणाऱ्या घरात तो असावाच असं माझं मत आहे. त्याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं साधन नाही.

टोपण उजेडात धरून बघितलं तेव्हा आतल्या छोट्या टोपणाच्या माथ्याला उभी चीर गेलेली दिसली. टोपण धातूचं होतं, म्हणून मेणाचा उपाय करता आला. साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा हरभऱ्याएवढा तुकडा आत टाकला, टोपण तोंड वर करून उभं धरलं आणि केस वाळवायच्या यंत्रानं तळाकडून हळूहळू ऊब दिली. मेण वितळून माथ्याशी पातळ थर बसला. थर पातळच हवा. जाड झाला तर टोपण लावताना निबचं टोक मेणात रुततं, आणि मेण लागलेल्या निबवर शाई धरत नाही. गार झाल्यावर पुन्हा पाणी भरून आठवडाभर तोललं, आणि या वेळी उतार नगण्य होता. जुन्या सेल्युलॉइडच्या टोपणाला मात्र अशी ऊब कधी देऊ नका, ते वाकतं आणि पटकन पेटतंही.

चीर माथ्याला नसून टोपणाच्या तोंडाशीच सैलपणा असेल, तर मेणाचा उपयोग नाही. खटक्याच्या टोपणात आतलं झाकण झिजलं की असं होतं. आट्यांच्या टोपणात आट्यांच्या मुळाशी पातळ रबरी कडी बसवून पाहता येते. तीही बसत नसेल तर ते पेन रोज लिहिण्यासाठी ठेवा, भरून कपाटात ठेवण्यासाठी नाही. त्यात त्याचा अपमान नाही.

घट्ट टोपणाची किंमत पेन बनवणाऱ्यांनाही कळलेली आहे. जपानच्या प्लॅटिनमनं २०११ साली आपल्या ३७७६ सेंच्युरी पेनात स्प्रिंगवर बसणारं आतलं टोपण दिलं. टोपण फिरवताना ते निबभोवतीच्या कडेवर दाबून बसतं. न वापरता दोन वर्षं शाई सुकत नाही असा कंपनीचा दावा आहे. (३७७६ ही फुजी पर्वताची मीटरमधली उंची.) हीच कल्पना त्यांच्या प्रेपी या अगदी स्वस्त पेनातही आहे. पहिलं पेन घेणाऱ्याला मी इंदूरसारख्या कोरड्या गावात प्रेपीच सुचवते.

अभ्यासिकेतली दुसरी गोष्ट टोपणानं सुटत नव्हती. विचार करताना भाची पेन उघडं हातात धरून बसायची, समोर एसीचा झोत. उघड्या निबला तीन-चार मिनिटंही पुरतात. तिला लिहिणं थांबलं की टोपण टेकवायची सवय लावली. ज्यांना ती लागतच नाही त्यांच्यासाठी झाकलेल्या निबचं पेन बरं. १९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर ५१ मध्ये निब जवळजवळ सगळी नळीखाली दडवलेली होती, फक्त टोक बाहेर. त्याच वळणाची हिरो या चिनी कंपनीची पेनं आपल्याकडे घरोघरी होती. हवेला उघडी जागा कमी म्हणून ती जास्त वेळ ओली राहतात.

वरून शाई भरत राहणं

टोपण दुरुस्त झाल्यावरही काही पेनं आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा अडायला लागतात. याचं कारण सापडायला मला फार वेळ लागला, आणि मला वाटतं या सगळ्या लिखाणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

पेनातली शाई संपत आली की आपण काय करतो? वरून भरतो. पण नळीत उरलेली शाई ही दौतीतल्या शाईसारखी नसते. तिच्यातलं पाणी काही प्रमाणात उडालेलं असतं, रंग तेवढाच असतो. त्यावर ताजी शाई ओतली की मिश्रण ताज्या शाईपेक्षा दाट होतं. पुढच्या वेळी आणखी दाट. दोन-तीन महिने न धुता असंच भरत राहिलं की पेनात काकवी तयार होते. मग घट्ट टोपण आणि उत्तम निब असूनही पेन अडतं, आणि दरवेळी लवकर अडतं. "आधी आठवड्यातून एकदा व्हायचं, आता रोज होतं" असं कुणी सांगितलं की मी समजते, पेन धुतलेलं नाही.

उपाय सरळ आहे. गेलंय ते पाणी, तर पाणीच परत द्या. शाई भरलेली आणि जरा दाट वाटली तर कन्व्हर्टरमध्ये ड्रॉपरनं एक-दोन थेंब शुद्ध पाणी टाकून हलवा. शाईत पाणी घालायची भीती वाटायचं कारण नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं शाई पाण्यातच कालवली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत जो उद्योग सुरू केला, ज्याचं पुढे कॅमलिन झालं, त्याची सुरुवात 'घोडा छाप' शाईच्या पुडीनं आणि गोळ्यांनी झाली होती. गोळी विकत आणायची आणि घरच्या पाण्यात विरघळवायची. दाट किंवा पातळ ज्याच्या त्याच्या हातात.

आणि उन्हाळ्यात प्रत्येक दुसऱ्या भरणीला पेन धुवायचं. एरवी महिन्या-दीड महिन्यानं धुतलं तरी चालतं.

कोणतं पाणी

इंदुरात हा प्रश्न खरा आहे, कारण एकाच घरात दोन पाणी असतात. नळाला नर्मदेचं, सत्तर किलोमीटरवरून जलूदहून चढवून आणलेलं. आणि ते नसेल त्या दिवशी टाकीत बोरिंगचं. माळव्याच्या काळ्या बेसाल्टातून येणारं बोरिंगचं पाणी जड असतं. ज्या पाण्यानं गीझरच्या कांडीवर पांढरा थर बसतो, ते जिभेच्या केसासारख्या खाचेत काय करत असेल याचा विचार करा. बोरिंगच्या पाण्यानं दर आठवड्याला निगुतीनं पेन धुणाऱ्या एका सहकाऱ्याचं पेन मी उघडलं तेव्हा जीभ राखाडी दिसत होती. काळजी घेऊनच त्यांनी खाच बुजवली होती. ती जीभ पातळ व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, लगेच भरपूर धुऊन मोकळी झाली. जीभ प्लास्टिकची होती म्हणून हे केलं. धातूची निब त्यात टाकून विसरू नका.

धुण्याच्या पहिल्या चार पाण्यांना आरओचं चालतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड असावं. ते बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी मिळतं, डबा सीलबंद आहे आणि आत ॲसिड नाही एवढं बघून घ्या. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी काही जण शुद्ध समजून वापरतात. त्यात धूळ आणि बुरशी असते, पेनात नको.

धुताना पाणी गार किंवा कोमट. नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, म्हणून पहिल्या वेळी ग्लासभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाकून दोनदा ओढून सोडायचं आणि साबणाचा मागमूस राहणार नाही इतकं साध्या पाण्यानं धुवायचं. निब खाली करून टिपकागदावर किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर रात्रभर टेकवून ठेवलं की आतलं पाणी कापड ओढून घेतं. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांच्या जवळही जाऊ नका. प्लास्टिकला बारीक तडे जातात आणि ते पेन परत येत नाही.

टोपण ठीक, धुतलेलं, तरी अडतं

आता निबकडे. घड्याळजी वापरतात तसं दहापट भिंग लावून टोक समोरून बघा. निबच्या दोन पाती एका पातळीत हव्यात. एक वर, एक खाली दिसली तर नखानं वरच्या पातीला हलकेच खाली दाबून सोडायचं, पुन्हा बघायचं. घाई नाही. पेन फरशीवर पडल्यानंतरची बहुतेक अडचण एवढीच असते.

दोन्ही पाती समान, पण चिरेच्या दोन्ही काठांना आतून गोलाई आली असेल, तर शाई चिरेत वरच राहते, कागदाला पोचत नाही. दाबलं की पोचते. हाच तो मघाचा अवघड प्रकार. कारखान्यात टोक जास्त गुळगुळीत केल्यानं असं होतं. अगदी बारीक, १२,००० नंबरच्या घासणीवर, वजन न देता, आठाच्या आकड्यासारखं चार-पाच वेळा फिरवून, दरवेळी लिहून बघत हे सुधारता येतं. पण टोकावरचा कठीण मण्याचा धातू घासून गेला की परत आणता येत नाही. पहिल्यांदा करत असाल तर स्वस्त पेनावर हात बसवा. पेन आजोबांचं असेल तर करूच नका, जाणकाराला द्या.

शाईबद्दल थोडंसं. कोरड्या उन्हाळ्यात साधी, धुऊन निघणारी निळी शाई सगळ्यात समजूतदार. कॅमलची रॉयल ब्लू मी वर्षानुवर्षं वापरते, सुकली तरी पाण्यानं सुटते. १९३४ साली स्वदेशीच्या हाकेतून उभी राहिलेली बंगालची सुलेखाही माझ्या कपाटात असते. चमकी असलेल्या शाईतली चमकी तळाशी बसते आणि खाच बुजवते; ती पावसाळ्यात वापरा, तीही रुंद निबच्या पेनात. कार्बनच्या किंवा रंगद्रव्याच्या शाया सुकल्या की पुन्हा विरघळत नाहीत, त्यामुळे सैल टोपणाच्या पेनात त्या घालणं म्हणजे पेन घालवणं. लोहाच्या शाईचंही तसंच: हवेशी मिळून ती काळी आणि पक्की होते, कागदावर हा गुण आणि जिभेत हाच अवगुण. काजळी आणि डिंक घोटून केलेली पारंपरिक पोथीची शाई बोरूसाठी आहे. होळकरांच्या दफ्तरातली मोडी बोरूनं लिहिलेली आहे, आणि बोरूला बुजायला नळी नसते. मोडी शिकणारे काही उत्साही तरुण ती शाई पेनात भरतात. कृपा करून भरू नका.

शाईत ग्लिसरीन घाला असा सल्ला पुष्कळ मिळतो. शाई हळू सुकते हे खरं, पण कागदावरही ती हळू सुकते, हात लागला की पसरते, आणि साध्या वहीवर फुटते. घरात कूलर चालू असला तर आधीच कागद ओलसर होऊन शाई फुटत असते, त्यात ही भर. मी घालत नाही.

रात्री पेन आडवं ठेवा, म्हणजे जीभ ओली राहते. उभं, निब वर करून ठेवलं की शाई जिभेतून मागे उतरते आणि चीर आधी सुकते. प्रवासात मात्र निब वर. खिडकीच्या कट्ट्यावर, स्कूटरच्या डिकीत, इन्व्हर्टरच्या वर पेन नको. मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या लांबट डब्यात ठेवते. डब्यात ओला स्पंज घालू नका, बुरशी येते.

आजोबांचं पेन आणि दुपारचा थेंब

माझ्याकडे आजोबांचं एबोनाइटचं काळं पेन आहे, हातानं खरादलेलं, ड्रॉपरनं थेट नळीत शाई भरायचं. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांच्या घराण्यातलं वाटावं असं, पण त्यावर नाव नाही. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. गरम पाण्यात किंवा तासन्‌तास पाण्यात ठेवलं तर त्याचा काळा रंग विटून तपकिरी होतो, म्हणून धुताना फक्त निब आणि जीभ ओली करते. जीभही एबोनाइटचीच आहे, आणि प्लास्टिकपेक्षा ती शाई कितीतरी चांगली धरते. याचं टोपण पाच-सहा फेऱ्यांनी बसतं आणि इतकं घट्ट बसतं की मे महिन्यात दहा दिवस न उघडता ठेवलं तरी पहिला शब्द उमटतो.

याची तक्रार उलटी आहे. सकाळी नाही, दुपारी. लिहिता लिहिता कागदावर टपकन मोठा थेंब. ज्यांच्याकडे असं मोठ्या नळीचं पेन आहे त्यांना हे ठाऊक असेल. नळीतली शाई कमी होते तशी वरची हवा वाढते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला जिभेतून बाहेर ढकलते. खोली गार आणि हात गरम असेल तर जास्तच. नळीच्या आट्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावल्यानं सांध्यातून झिरपणं थांबतं, थेंब थांबत नाही. त्याला दोनच उपाय मला लागू पडलेत. लिहायला बसण्याआधी पेन निब वर करून दोन मिनिटं मुठीत धरायचं, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता निघून जाते. आणि उन्हाळाभर, जूनच्या मध्यावर पाऊस येईपर्यंत, नळी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी ते उजेडात उघडून आतली पातळी बघते, उरलेली शाई एका छोट्या बाटलीत काढते, जीभ धुते, आणि ताजी शाई आट्यांच्या खालपर्यंत भरते.